मॉरिशस बेटावरील तीन दप्तरे

मॉरिशसला जाणारा मराठी प्रवासी आता दुर्मीळ राहिलेला नाही. मुंबईहून विमानात बसावे, सहा-सात तासांत बेट गाठावे, चार दिवस निळ्या पाण्याच्या काठी काढावेत, गंगा तलावावर शंकराचे दर्शन घ्यावे आणि थोडी व्हॅनिला व थोडी साखर पदरी बांधून परत यावे, असा या यात्रेचा क्रम ठरून गेला आहे. त्यात निंद्य असे काहीच नाही. तेथील पाणी खरोखरच डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. परंतु समुद्राकडे पाठ करून जो कोणी क्षणभर बेटाच्या अंतर्भागाकडे दृष्टी टाकील, त्यास समुद्राइतकाच अथांग असा दुसरा एक देखावा दिसेल. तो उसाचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांस पुरुषभर उंचीचा ऊस वाऱ्यावर सळसळत असतो, आणि त्या हिरवळीत मधूनमधून काळ्या धोंड्यांच्या प्रचंड राशी उभ्या असतात. प्रथम पाहणाऱ्यास त्या कोणा प्राचीन लोकांच्या समाधी वाटाव्यात. त्या समाधी नव्हत. ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनलेली ही भूमी लागवडीस आणताना नांगराच्या वाटेतील जे धोंडे माणसांनी हातांनी वेचून बाजूस टाकले, त्यांच्या त्या राशी होत. कोणाच्या हातांनी? हा प्रश्न ज्याच्या मनात आला, त्याने या बेटाचा इतिहास वाचावयास प्रारंभ केला असेच समजावे.

आम्ही हा प्रश्न मनात धरून दहा दिवस त्या बेटावर हिंडलो. त्याचे उत्तर आम्हांस तीन दप्तरांत मिळाले. दप्तर हा शब्द आमच्या वाचकांस परका नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात कुलवृत्तांताचा एखादा जाड ग्रंथ असेल. मूळ पुरुष कोणत्या गावचा, त्याची कोणती शाखा कोठे गेली, हे त्यात बोट ठेवून दाखविता येते. श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह व प्रपितामह ही तीन नावे उच्चारताना आपण अडखळत नाही. लिहून ठेवलेल्या नावाचे मोल ते नाव ज्याच्यापाशी आहे त्यास सहसा कळत नाही. मॉरिशसमध्ये ते कळते.

पोर्ट लुई ही बेटाची राजधानी. तिच्या बंदराच्या काठी, मोटारींच्या कोलाहलात, काळ्या दगडांची एक बसकी वास्तू आहे. तिला आज आप्रवासी घाट म्हणतात. पूर्वी ती कुली घाट या नावाने ओळखली जाई. १८४९ साली बांधावयास घेतलेल्या या तळावर हिंदुस्थानातून आलेले गिरमिटिये मजूर उतरत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून आली. मुंबई बंदरातून आलेली सुमारे तीस हजार होती, आणि त्यांत कोकणातील कुणबी, मराठे व इतर कष्टकरी लोकांचा भरणा मोठा होता. जहाजातून उतरून त्यांना ज्या सोळा पायऱ्या चढाव्या लागल्या, त्या अद्याप शाबूत आहेत. २००६ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला.

आमचे यजमान हे तेथील मराठी समाजातील निवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांस गुरुजी म्हणे. आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांच्या घरी गणेशचतुर्थीस मूर्ती बसते, पोरे झाकडी नाचतात, आणि आजीबाईंच्या तोंडी अजून रत्नागिरीकडचे चारदोन जुने शब्द येतात. गुरुजींनी आम्हांस मोका येथील महात्मा गांधी संस्थेत नेले. गिरमिटियांच्या नोंदींची वहीखाती तेथे जतन केलेली आहेत. गुरुजींनी आपल्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल पूर्वीच मिळविली होती; ती आमच्यापुढे उलगडून ते म्हणाले, “पाहा. आमचा कुलवृत्तांत एवढाच. एका पानाचा.” त्या पानावर क्रमांक होता, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जहाज, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावाचे नाव होते. इंग्रज कारकुनाने ते गाव असे काही लिहिले होते की ते ओळखण्यास गुरुजींना दोन वर्षे लागली. परंतु अखेर ओळखले गेले. ते त्या गावी जाऊन आले. ग्रामदेवतेची ओटी भरून आले. त्यांचे आडनाव म्हणजे पणजोबांचे पाळण्यातले नावच आहे. पुत्रपौत्रांनी ते आडनाव म्हणून धारण केले. हे पहिले दप्तर.

आता घाटाच्या पायऱ्या उतरून थोडीच पावले चालावीत. जवळच एक जुनी दगडी इमारत आहे. फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने १७४० च्या सुमारास बांधविलेले हे लष्करी रुग्णालय. २०२३ पासून येथे गुलामगिरीचे संग्रहालय उघडले आहे. घाटावर आम्हांस हिंदी पाहुणे पुष्कळ भेटले. येथे एकही भेटला नाही. वस्तुतः घाटाची कथा या इमारतीवाचून अपुरी आहे, कारण गिरमिटिये ज्या जागी आणले गेले ती जागा आधी दुसऱ्या कोणाची होती, आणि ती रिकामी झाली म्हणूनच यांना बोलावणे गेले.

ही जागा मुळात निर्माण का झाली, हे समजून घेतले पाहिजे. गुलामगिरीचा उगम माणसाच्या दुष्टपणात आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु दुष्ट माणसे सर्व देशांत असतात, आणि सर्व देशांत उसाचे मळे गुलामांनी पिकविले नाहीत. कारण जमाखर्चात शोधावे लागते. मॉरिशस हे मूळचे निर्मनुष्य बेट. १५९८ साली डच आले. त्यांनी बेटास आपल्या राजपुत्राचे नाव दिले, १६३९ साली जावाहून ऊस आणला, मादागास्करहून गुलाम आणले, डोडो पक्ष्याचा निर्वंश केला आणि १७१० साली ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले. आता असे पाहा की, जेथे जमीन हवी तेवढी पडून आहे आणि माणसे थोडी आहेत, तेथे स्वतंत्र माणूस दुसऱ्याच्या शेतात मजुरीस का राबेल? तो स्वतःचाच तुकडा कसू लागेल. मजूर मिळवावयाचा तर त्याला भरघोस मजुरी द्यावी, नाहीतर त्याचे स्वातंत्र्य काढून घ्यावे. त्यात उसाचे पीक असे की तोडल्यावर दिवस-दोन दिवसांत घाण्यात गेले नाही तर रस नासतो. हंगामात रात्रंदिवस राबणारी, मध्येच सोडून जाऊ न शकणारी टोळी त्याला लागते. दूरच्या बाजारात माल महाग, हातची जमीन फुकट आणि मजूर मिळेना, अशी तीन कारणे जेथे एकत्र आली, तेथे माणूस विकत घेणे हा मळेवाल्यास फायद्याचा सौदा वाटू लागला. त्रिनिदादचे इतिहासकार, आणि पुढे त्या देशाचे पंतप्रधान झालेले, एरिक विल्यम्स यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला आहे: आधी गुलामांची गरज उत्पन्न झाली, आणि काळ्या वर्णाच्या हीनतेचा सिद्धान्त तिच्या मागून समर्थनासाठी आला.

आमच्याकडे गुलाम नव्हतेच, अशा समाधानात मात्र आपण राहू नये. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी व बटकी यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. परंतु घरकामास ठेवलेली बटीक आणि मळ्यासाठी विकत घेतलेली टोळी यांत एक भेद आहे. पहिल्या प्रकारात गुलाम हा संपन्न घराचा एक भाग असतो. दुसऱ्या प्रकारात सारा देशच गुलामांवर उभा असतो. मॉरिशसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस दर दहा माणसांत आठ गुलाम होते. १८०७ च्या सुमारास त्यांची संख्या पासष्ट हजारांच्या घरात होती. बहुतेक मोझांबिकच्या किनाऱ्यावरून व मादागास्करहून आणलेले; थोडे हिंदुस्थानातूनही. ला बूर्दोनेने बंदर, गोद्या, रुग्णालय, पाण्याचे पाट हे सर्व यांच्याच श्रमांवर उभारले, आणि याच बेटावर सज्ज केलेल्या आरमाराच्या बळावर १७४६ साली इंग्रजांपासून मद्रास जिंकून घेतले.

या व्यापारात आपल्या देशाचा आणखी एक धागा आहे, आणि तो शब्दशः धागाच आहे. मोझांबिकच्या किनाऱ्यावर नाण्यास फारशी किंमत नसे. चालत असे ते हिंदी कापड. गुजरातेत विणलेले कापड दीव व दमण येथील व्यापाऱ्यांमार्फत पोर्तुगीज जहाजांतून तेथे जाई, आणि त्याच्या मोबदल्यात हस्तिदंत व माणसे मिळत. विणकरास आपले ठाण कोणाच्या बदल्यात जाणार हे ठाऊक नव्हते. अर्थव्यवहाराची मोठी चाके अशीच फिरतात. ज्याचा हात लागतो त्यास शेवटचे टोक दिसत नाही.

संग्रहालयातील आमचा वाटाड्या, आणि पुढचे तीन दिवस आमचा गाडीवानही, एक क्रिओल तरुण होता. आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या वंशजांस तेथे क्रिओल म्हणतात. त्याचे आडनाव फ्रेंच भाषेतील एका महिन्याचे नाव होते. हे कसे, असे आम्ही विचारले. तो हसून म्हणाला, “माझा पूर्वज त्या महिन्यात विकत घेतला गेला असेल, किंवा त्या महिन्यात जन्मला असेल, किंवा मालकाला दुसरे काही सुचले नसेल. तिन्ही खरे असू शकते.” गुलामास त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव कोणी विचारीत नसे. महिन्यांची, वारांची, ग्रीक-रोमन देवतांची, फुलांची किंवा चेष्टेची नावे त्यांस दिली जात. १८१५ च्या सुमारास इंग्रज अमदानीत चोरटी आयात थांबविण्यासाठी गुलामांची नोंदणी सुरू झाली. तीत नाव, वय, उंची, अंगावरील खुणा आणि धंदा हे सर्व आहे. पण मूळ गावाच्या जागी केवळ ‘मोझांबिक’ किंवा ‘मालगाश’ असा एक शब्द. हजारो कोसांचा किनारा आणि एक अफाट बेट एवढ्या एका शब्दात आटोपले. हे दुसरे दप्तर. आमच्या त्या मित्राने ते पाहिले होते. त्यात त्याच्या आडनावाची अनेक माणसे होती, आणि त्यांपैकी आपले कोण हे सांगण्यास कोणताही आधार नव्हता.

ही नोंद अशी का झाली याचे उत्तर कायद्यात आहे. १६८५ च्या फ्रेंच संहितेने गुलामास जंगम मालमत्ता ठरविले. १७२३ साली त्याच धर्तीची सनद या बेटांस लागू झाली. पळून गेलेला गुलाम महिनाभर सापडला नाही तर त्याचे कान कापावे व खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्यांदा पळाल्यास पायाची शीर तोडावी, तिसऱ्यांदा पळाल्यास देहान्त, अशी शिक्षा मूळ संहितेत होती. तीत असेही होते की मालकाने स्वतः पकडून दिलेल्या गुलामास फाशी झाली, तर त्याची किंमत मालकास भरून द्यावी. बैलाचा वंशवृक्ष कोणी लिहीत नाही. त्याचे वय, शिंगे व किंमत लिहितात. गुलामाची नोंदही त्याच जातीची होती.

डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले; मळेवाल्यांची मालमत्ता, भाषा व कायदे राखण्याचे वचन त्यांनी दिले. तोवर उसाचे प्रमाण बेताचेच होते. १८२५ साली लंडनच्या बाजारात मॉरिशसच्या साखरेवरील जादा जकात उठली, ती वेस्ट इंडीजच्या साखरेच्या पंक्तीस बसली, आणि बेटावर उसाचा पूर लोटला. जकातीच्या एका फेरफाराने हजारो माणसांच्या पाठीवरचे ओझे वाढले, असा हा प्रसंग आहे. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला; मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ रोजी अमलात आला.

आता तिसऱ्या दप्तराकडे येऊ. गुलामगिरी रद्द करताना नुकसानभरपाई द्यावी असे ठरले, आणि ती दिलीही गेली. ती मालकांना. सर्व वसाहतींसाठी दोन कोटी पौंड मंजूर झाले. ब्रिटिश सरकारच्या त्या काळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे दोनपंचमांश ही रक्कम होती. त्यांपैकी मॉरिशसच्या मालकांच्या वाट्यास सुमारे एकवीस लाख पौंड आले. सुमारे सहासष्ट हजार गुलामांवर ती रक्कम वाटली तर माणशी बत्तीस पौंडांच्या आसपास पडते. कोणत्या मालकास किती गुलामांचे किती पैसे मिळाले, हे सर्व काटेकोर लिहून ठेवलेले आहे. लंडन येथील विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ साली ते सर्वांस पाहण्यास खुले केले. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली. म्हणजे एकशे ऐंशी वर्षे हा जमाखर्च चालू होता. त्यात स्वतः गुलामाच्या नावे जमेस काहीही नाही. उलट त्याने सुटकेनंतरही चार वर्षांहून अधिक काळ, १८३९ पर्यंत, ‘उमेदवार’ या गोंडस नावाखाली पूर्वीच्याच मालकाकडे राबावयाचे होते.

मालकांनी त्या पैशाने सावकारांची देणी वारली आणि साखरेच्या धंद्याची वाढ केली. राहता राहिला मजुराचा प्रश्न. तो त्यांनी कायदा अमलात येण्याची वाट न पाहताच सोडविला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे मुक्तीच्या तीन महिने आधी, ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. सुटलेले गुलाम मळ्यांकडे पाठ फिरवून निघून गेले, कोणी किनाऱ्यावर मासेमारीस, कोणी गावोगाव सुतारकाम-गवंडीकामास. आणि त्यांच्या रिकाम्या झोपड्यांत आमचे लोक राहावयास आले. गिरमिटही सुखाचे नव्हते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगल्यावाचून रस्त्यावर फिरण्याची चोरी केली. १८७१ साली अदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज केला, तेव्हा कोठे चौकशी बसली. तथापि गिरमिटास एक शेवट होता. आणि गिरमिटिया कागदावर माणूस होता, वस्तू नव्हता.

एका संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर हा विषय निघाला. शेजारचे दोघे गृहस्थ बसले होते. त्यांतील एकांनी, आम्ही पुढेही पुष्कळांच्या तोंडी ऐकले तेच, अगदी सहज सांगितले: “आमचे आजे-पणजे उपाशी राहून दिडक्या जमवीत गेले. जमीन घेतली, पोरे शिकविली. क्रिओल लोकांना आमच्या आधी मुक्ती मिळाली, पण त्यांनी काय केले? गाण्यानाचण्यात घालविली. ज्याचा त्याचा स्वभाव.”

गुरुजी काही वेळ स्वस्थ बसले. मग म्हणाले, “आपल्या आज्याने जमीन कधी घेतली?” गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे एक साल सांगितले. “कोणाकडून?” “मळेवाल्याकडून. साखरेचे भाव पडले होते, ते तुकडे पाडून विकीत होते.” “आणि पैसे?” “तो मुकादम होता. पगार होता त्याला.” गुरुजी म्हणाले, “म्हणजे पगार होता, खरेदीखत होते, आणि खतावर लिहावयास बापाचे नाव होते. आज्याचे कष्ट खरेच; मी त्यांस नमस्कार करतो. पण कष्ट तर गुलामानेही कमी केले नव्हते. त्याच्या कष्टांची रक्कम दुसऱ्याच्या नावे जमा झाली, इतकेच.”

यावर त्या गृहस्थांनी वाद घातला नाही, ते केवळ म्हणाले, “हे आम्हांला शाळेत कोणी शिकविले नाही.” आम्हांस वाटते, गुलामगिरीच्या दीर्घ परिणामांवर याहून नेमके भाष्य क्वचितच ऐकावयास मिळेल. परिणाम टिकतात ते साखळदंडांमुळे नव्हे. साखळदंड १८३५ सालीच तुटले. ते टिकतात जमिनीच्या कागदांत, वारशाच्या पैशांत, आणि शेजाऱ्याच्या गरिबीचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्याच्या आपल्या सवयीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत उसाखालील जमिनीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग हिंदी लोकांच्या लागवडीत आला होता. मुक्त झालेल्या गुलामांपैकीही काहींनी १८४० च्या सुमारास लहान लहान तुकडे घेतले होते; पण पुष्कळांचे तुकडे पुढे हातचे गेले, कोठे कागद नव्हते म्हणून, कोठे कागद वाचता येत नव्हते म्हणून. २००९ साली मॉरिशस सरकारने एक सत्य व न्याय आयोग नेमला. दक्षिण आफ्रिकेतील तशाच आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेले अ‍ॅलेक्स बोरेन यांच्या अध्यक्षतेखाली त्याने नोव्हेंबर २०११ मध्ये अहवाल दिला. गुलामगिरी आणि गिरमिट या दोहोंचे परिणाम त्याने तपासले; आणि जमीन गमावल्याच्या शेकडो तक्रारी त्याच्यापुढे आल्या. बापाचे नाव सिद्ध करता न येणे ही त्यांतील एक मोठी अडचण होती.

हा नावाचा अभाव देशाच्या राज्यघटनेतही उतरलेला आहे. १९६८ साली मॉरिशस स्वतंत्र झाले, तेव्हा लोकप्रतिनिधित्वासाठी चार समाज मानले गेले. हिंदू, मुसलमान, चिनी, आणि चौथा ‘सर्वसाधारण लोक’. या चौथ्याची व्याख्या अशी की, राहणीवरून जो पहिल्या तिहींत बसत नाही तो यात. एकेकाळचे गोरे मळेवाले आणि त्यांच्या गुलामांचे वंशज असे दोघेही त्या एकाच उरलेल्या खान्यात आहेत. ज्यांच्या घामावर देश उभा राहिला, त्यांची व्याख्या ‘बाकी’ या शब्दाने व्हावी, हा हिशेबाचाच प्रकार आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही नैर्ऋत्य टोकाशी असलेला ले मोर्न हा डोंगर पाहिला. ५५६ मीटर उंचीचा हा एकच प्रचंड कडा समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आसरा घेत. लोक असे सांगतात की, मुक्तीचे वर्तमान घेऊन शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा आपणांस धरावयासच ते येत आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. या कथेस लेखी पुरावा नाही. आमच्या वाटाड्यास आम्ही तसे म्हणताच तो म्हणाला, “लेखी पुरावा ज्यांच्याजवळ होता, त्यांनी आमच्याविषयी काय लिहिले ते तुम्ही पाहिलेच.” २००८ साली युनेस्कोने या डोंगरासही जागतिक वारशाचा मान दिला, दर वर्षी १ फेब्रुवारीस, त्या दिवशी देशभर सुटी असल्याने, तेथे मोठा समुदाय जमतो. पायथ्याच्या एका जुन्या दफनभूमीत संशोधकांनी उत्खनन केले. हाडांच्या परीक्षेवरून ती माणसे पूर्व आफ्रिका व मादागास्कर येथील वंशाची ठरली. दप्तराने जे लिहिले नाही, ते हाडांनी जपून ठेवले होते.

सायंकाळी किनाऱ्यावर काही लोक शेकोटी पेटवून सेगा गाऊ लागले. रावान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ असतो. वाजविण्यापूर्वी तो आगीवर शेकून ताणून घेतात. आमच्या मित्राने सांगितले की त्याची आजी लहानपणी काही शब्द गात असे; ते कोणत्या भाषेतले, हे तिलाही ठाऊक नव्हते आणि घरात कोणास अर्थ येत नाही, पण ते त्याने पाठ केले आहेत आणि आता आपल्या मुलीस शिकविले आहेत. ज्या माणसाजवळ तीन पिढ्यांची नावे नाहीत, त्याने अर्थ हरवलेले चार शब्द चौथ्या पिढीच्या हाती सुखरूप दिले. त्यास कुलवृत्तांत म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

आमच्या वाचकांपैकी जे कोणी मॉरिशसला जातील, त्यांनी आप्रवासी घाटावर अवश्य जावे. त्या सोळा पायऱ्यांशी नतमस्तक व्हावे. तेथे आपले लोक उतरले आहेत. मात्र तेथूनच परत फिरू नये. थोडी पावले पुढे त्या जुन्या रुग्णालयात जावे, आणि दोन्ही वास्तू एकाच घराच्या दोन खोल्या समजून पाहाव्यात. जाताना उसाच्या शेतांतील धोंड्यांच्या राशींकडेही नजर टाकावी. त्यांतील कोणता धोंडा मोझांबिकच्या माणसाने वेचला आणि कोणता रत्नागिरीच्या, हे आता कोणासही सांगता यावयाचे नाही. त्या राशींत मात्र दोघांचे श्रम एकाच खाती जमा आहेत.